फॉरमॅट मारण्याआधी

आमच्या भागात संगणकाचं काहीही अडलं की एकच सल्ला ऐकू येतो: ‘फॉरमॅट मारून टाका.’ पासवर्ड विसरला, फॉरमॅट मारा. प्रिंटर चालेना, फॉरमॅट मारा. संगणकानं सांगितलं की हे काम करायचा तुम्हाला अधिकार नाही, तरी फॉरमॅटच मारा. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरला मी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. नळदुर्ग, जळकोट आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून लोक यंत्रं घेऊन येतात. त्यातले बरेच जण फॉरमॅट होऊन गेल्यावर येतात. तोवर शाळेचे निकाल, बचत गटाचे हिशेब, वारलेल्या माणसाचे फोटो, सगळं पुसलेलं असतं आणि मला फारसं काही करता येत नाही.

यातल्या एका प्रकाराचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. संगणकावरचा मुख्य अधिकार, ज्याला आपण अ‍ॅडमिन म्हणतो, तो चुकून स्वतःच्याच हातून जातो आणि माणूस घाबरून सगळं पुसून टाकतो. खरं तर त्या वेळी माहितीला काहीच झालेलं नसतं. एक नोंद बदललेली असते, आणि ती परत जागेवर आणता येते. ती कशी आणायची आणि मुळात जाऊ नये म्हणून काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी इथं लिनक्सबद्दल बोलणार आहे, कारण शाळा-कॉलेजांतल्या ज्या यंत्रांवर ही वेळ येताना मी पाहिली, ती बहुतेक उबुंटू लिनक्सवर चालणारी होती.

लिनक्सशी आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. तुळजापूरच्या कोर्टातली पुढची तारीख आपण मोबाईलवर पाहतो, ती ई-कोर्ट प्रकल्पामुळे. त्यातली खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या एनआयसी केंद्रात तयार झाली. ती मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, आणि या प्रकल्पात न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवरही उबुंटूच होतं. संगणकशास्त्र घेतलेली आपली मुलं कॉलेजात लिनक्स शिकतात. लायसन्सचे पैसे लागत नाहीत, जुन्या यंत्रावरही चालतं, म्हणून खेड्यातल्या संस्थांना ते परवडतं.

अधिकारांची वाटणी

लिनक्सचं मूळ युनिक्समध्ये आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. तेव्हा एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसं काम करत. त्यामुळे कुणाची फाइल कुणी पाहायची, कुणी बदलायची, हे यंत्रानंच ठरवून ठेवणं भाग होतं. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि तीच रचना उचलली.

ही रचना साधी आहे. प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे ‘इतर’. या तिघांना तीन गोष्टींची मुभा देता येते: वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे अंक आहेत आणि त्यांची बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला आणि इतरांना फक्त वाचता येतं. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बोलायचं आहे.

या सगळ्यांच्या वर एक वापरकर्ता असतो, त्याचं नाव रूट. यंत्र माणसांना नावानं नाही, क्रमांकानं ओळखतं. उबुंटूत पहिल्या माणसाचा क्रमांक १००० असतो, रूटचा शून्य. शून्य क्रमांकाला फाइलवरची ही बंधनं लागू होत नाहीत. म्हणूनच उबुंटूत रूटचं थेट लॉगिन सुरुवातीपासून बंद ठेवलेलं असतं. त्याऐवजी ज्यानं यंत्र बसवलं त्याला ‘सुडो’ नावाच्या गटात टाकतात. त्या गटातला माणूस एखाद्या आज्ञेआधी सुडो लिहितो, स्वतःचा पासवर्ड देतो आणि तेवढ्या कामापुरता रूटचा अधिकार वापरतो.

सुडो हा प्रोग्राम १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिला. त्याच्यामागची कल्पना रिची यांची. एखादा प्रोग्राम कुणीही सुरू केला तरी तो आपल्या मालकाच्या अधिकारानं चालावा, अशी एक खूण त्यांनी फाइलवर ठेवली. तिला सेटयूआयडी म्हणतात. या कल्पनेवर १९७९ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे ते सगळ्यांना खुलं करण्यात आलं. साधा वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड बदलू शकतो, तो याच खुणेमुळे.

एक लहान ‘ए’ राहिला

आता एक घडलेली गोष्ट. आमच्या परिसरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. मुलांनी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र केलं होतं, त्यात आर्डुइनोचं छोटं सर्किट होतं. ते शाळेच्या मुख्य संगणकाला जोडलं, तर संगणक म्हणाला, या पोर्टवर लिहायची परवानगी नाही. कारण सरळ होतं. उबुंटूत अशा पोर्टचा अधिकार ‘डायलआउट’ नावाच्या गटाकडे असतो आणि सर त्या गटात नव्हते.

सरांनी योग्य तीच आज्ञा शोधली. वापरकर्त्याचे गट बदलणारी ‘युजरमॉड’. तिच्यापुढे मोठ्या लिपीतला ‘जी’ लिहून गटाचं नाव द्यायचं असतं. पण त्या ‘जी’च्या आधी लहान लिपीतला ‘ए’ हवा. ‘ए’ असला तर नवा गट आधीच्या गटांत मिळवला जातो. नसला तर आधीचे सगळे जोड-गट काढून टाकले जातात आणि फक्त नवा गट उरतो. सरांच्या आज्ञेत तो ‘ए’ राहिला. संगणकानं काही विचारलं नाही, कसला इशारा दिला नाही. त्या क्षणी सर सुडो गटातून बाहेर पडले.

त्या दिवशी कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण गटांची यादी लॉगिन करताना वाचली जाते. चालू असलेल्या सत्रात जुने गट तसेच राहतात. दुपारी लाइट गेली, यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. आता नवी यादी वाचली गेली. आर्डुइनो उत्तम चालू लागलं, मुलं खूश झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी एक सॉफ्टवेअर टाकायला सुडो वापरलं, तेव्हा यंत्रानं कळवलं की तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही. त्या यंत्रावर दुसरा अ‍ॅडमिनच नव्हता. गटात परत जायला सुडो लागतं, आणि सुडो वापरायला गटात असावं लागतं.

‘ताई, मीच बसवलेलं यंत्र मला ओळखत नाही,’ असं सर फोनवर म्हणाले. त्यांनाही कुणीतरी फॉरमॅटचाच सल्ला दिला होता. त्या यंत्रावर शाळेचे अनेक वर्षांचे निकाल होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी त्यांना एवढंच म्हणाले, ‘सर, मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.’

परतीची वाट

अशा वेळी उपयोगी पडते ती एक साधी वस्तुस्थिती: ज्याच्या हातात प्रत्यक्ष यंत्र आहे, तो ते वेगळ्या पद्धतीनं सुरू करू शकतो. उबुंटूत त्यासाठी रिकव्हरी मोड दिलेला आहे.

यंत्र बंद करून सुरू करायचं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं न दिसतं तोच, जुन्या यंत्रावर शिफ्टचं बटण दाबून धरायचं, नव्यावर एस्केप हलकेच दाबायचं. मग ग्रब नावाचा मेनू येतो. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन, ज्या ओळीच्या शेवटी ‘रिकव्हरी मोड’ लिहिलंय ती निवडायची. थोड्या वेळानं दुसरा छोटा मेनू येतो, त्यात ‘रूट’ निवडायचं. काळ्या पडद्यावर जी ओळ उमटते ती शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याची असते. रूटला आधी कुणी पासवर्ड दिलेला असेल, तर तो इथे विचारला जातो.

इथे बरेच जण अडखळतात. या अवस्थेत डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असू शकते. त्यामुळे बदल करायला गेलं की नकार येतो, आणि माणसाला वाटतं हीही वाट बंद. तसं नसतं. ‘माउंट’ या आज्ञेनं डिस्क वाचन-लेखनासाठी पुन्हा जोडून घ्यायची. मग तीच युजरमॉड आज्ञा, या वेळी लहान ‘ए’ आणि मोठा ‘जी’ दोन्ही लावून, सुडो गटाचं नाव द्यायचं. ‘आयडी’ ही आज्ञा देऊन त्या नावापुढे सुडो दिसतो का ते पाहायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. सरांच्या शाळेत वेळ लागला तो ग्रबचा मेनू पकडायला. बाकी काम दोन-तीन ओळींचं होतं. सुडोबरोबर प्रिंटरच्या व्यवस्थापनाचा वगैरे जे गट गेले होते, तेही परत दिले. निकालांच्या फाइलींना धक्काही लागला नाही.

ग्रबचा मेनू आला पण त्यात रिकव्हरीची ओळ नसेल, तर ‘ई’ दाबून सुरू होण्याची ओळ तात्पुरती बदलता येते आणि यंत्राला थेट रूटच्या कमांड शेलमध्ये उतरवता येतं. तेही जमलं नाही, तर पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन त्यावरून यंत्र चालू करायचं. मग आतली डिस्क जोडायची आणि ‘सीएचरूट’ या आज्ञेनं तिच्यात शिरून तीच दुरुस्ती करायची. लिनक्सच्याच रेड हॅट घराण्यातल्या प्रणालींमध्ये ओळी थोड्या वेगळ्या असतात, तत्त्व तेच.

सुडोअर्स नावाची, कुणाला कोणता अधिकार ते सांगणारी फाइलच हातून बिघडली, तर प्रकार निराळा. तिच्यात एक अक्षर चुकलं की सुडो सगळ्यांनाच नकार देऊ शकतो. म्हणून ती फाइल साध्या एडिटरनं कधी उघडू नये. त्यासाठी ‘व्हिसुडो’ आहे. तो जतन करण्याआधी व्याकरण तपासतो आणि चूक असेल तर अडवतो. चूक होऊनच गेली असेल आणि तुम्ही अजून सुडो गटात असाल, तर ‘पीकेएक्झेक’ या दुसऱ्या सोयीनं बहुधा आत शिरता येतं. गटच गेला असेल, तर मात्र रिकव्हरी मोडच.

७७७ चं संकट

याहून अवघड प्रकार म्हणजे ७७७. एखादी फाइल उघडत नाही म्हणून कुणीतरी सांगतं, ‘सगळ्याला ७७७ देऊन टाक.’ माणूस ‘सीएचमॉड’ ही आज्ञा मुळापासून, म्हणजे पूर्ण डिस्कवर चालवतो. सगळ्यांना सगळं दिलं, आता अडचण राहणार नाही असं त्याला वाटतं. घडतं उलटंच. सुडोच्या फाइलवरची ती सेटयूआयडी खूण पुसली जाते, त्यामुळे सुडो चालायचं नाकारतो. अधिकारांची यादी कुणालाही बदलता येईल अशी झालेली असते, म्हणून तिच्यावर तो विश्वास ठेवत नाही. दूरवरून जोडणी देणारी एसएसएच सेवाही आपल्या गुप्त किल्ल्या उघड्या दिसल्या की सुरू होत नाही. आणि हे नकार बरोबर आहेत. कुणालाही बदलता येणाऱ्या यादीवर विसंबून कुणाला सर्वाधिकार द्यायचा?

रिकव्हरी मोडमधून निदान सुडो चालतं करता येतं. सुडोची मालकी रूटकडे आणि अंक ४७५५, सुडोअर्स फाइलचा अंक ०४४०. पण डिस्कवर लाखो फाइली असतात, आणि प्रत्येकीचा मूळ अंक कुठेतरी एकत्र लिहिलेला असेलच असं नाही. रेड हॅट घराण्यात पॅकेजांच्या नोंदींवरून ते बरेचसे परत बसवता येतात. उबुंटूवर मी एवढ्यावर थांबत नाही. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून सगळी माहिती आधी बाहेरच्या डिस्कवर घेते, ती उघडते का ते तपासते, आणि मगच प्रणाली नव्यानं बसवते. इथे नवी प्रणाली लागते हे खरं. पण ती माहिती सुखरूप बाहेर काढल्यावर.

एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, म्हणजे सुरू होतानाच वेगळा परवलीचा शब्द मागत असेल, तर तो शब्द विसरल्यावर यातली कोणतीही वाट आत नेत नाही. ज्यांनी डिस्क तशी कूटबद्ध केली, त्यांनी तो शब्द लिहून सुरक्षित ठेवलाच पाहिजे.

उघडं सत्र सोडू नका

१९८६ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात घडलेला प्रसंग युनिक्सवाल्यांत आजही सांगितला जातो. तिथल्या मारिओ वोल्च्को यांनी तो लिहून ठेवला. एका सहकाऱ्याच्या चुकीच्या आज्ञेनं व्हॅक्स यंत्रावरच्या फाइली मुळापासून पुसल्या जाऊ लागल्या. आज्ञा मध्येच थांबवली, तोवर बॅकअपची टेप वाचायला लागणारी साधनंही गेली होती. सुदैवानं एका टर्मिनलवर ईमॅक्स हा एडिटर रूटच्या अधिकारानं चालू होता. त्यांनी यंत्र बंद केलं नाही, कुणी बाहेर पडलं नाही. त्या एका उघड्या एडिटरमधून, हातानं रचलेल्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीनं, ते टेपपर्यंत पोचले आणि यंत्र परत उभं केलं.

त्यांची चूक वेगळी होती, पण शिकवण आपल्याला तशीच्या तशी लागू पडते. अधिकारांत काही गडबड झाल्याची शंका आली, तर लॉगआउट करू नका आणि यंत्र बंद करू नका. शाळेतल्या सरांना लाइट जाण्याआधी चूक कळली असती, तर त्याच खिडकीतून ती निस्तरता आली असती. अधिकारांना हात लावण्याआधी मी नेहमी दुसरी खिडकी उघडून तिच्यात रूट होऊन ठेवते. बदल केल्यावर तिसरीकडे नव्यानं लॉगिन करून सुडो चालतो का पाहते, आणि मगच ती रूटची खिडकी बंद करते.

लिहून ठेवलेला ताबा

अणदूरच्या आणि नळदुर्गच्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. आमचा खंडोबा एक आणि देवळं दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला असतो, सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव हलवायचा तर दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव कुणाकडे, कधीपर्यंत, हे कागदावर असतं आणि दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असतं. यंत्राच्या अधिकाराचं असंच असावं. तो एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये, आणि कुणाकडे आहे हे संस्थेला माहीत असावं.

म्हणून प्रत्येक संस्थेनं आपल्या यंत्रावर निदान दोन अ‍ॅडमिन ठेवावेत. दुसऱ्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या किंवा सचिवांच्या कपाटात असावा. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, तर अधिकार कुणाकडे गेला ते नोंदवहीत लिहावं. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क वेगळ्या खोलीत.

रिकव्हरीची ही वाट मालकाला खुली आहे, तशी ती चोरालाही खुली आहे. मुख्य संगणक कुलपात ठेवावा. नाजूक माहिती असेल, तर ग्रबला पासवर्ड द्यावा आणि डिस्क कूटबद्ध करावी. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येणारा प्रकार आहे, आणि लबाडीच्या हेतूनं केला तर कलम ६६ खाली गुन्हा. संस्थेचं यंत्र असेल तर मी आधी लेखी पत्र मागते आणि मगच हात लावते. त्या शाळेतही मुख्याध्यापकांचं पत्र घेतल्यावरच मी यंत्र सुरू केलं. हे शिकणाऱ्या मुलांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

शिकायला सोलापूर-पुण्याला जायची गरज नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे छोटे धडे मराठीतून तयार केले आहेत, तेही विनामूल्य. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेलवरचं पुस्तक अनेक कॉलेजांच्या ग्रंथालयांत सापडेल. एखादं जुनं यंत्र घेऊन, त्यावर मुद्दाम अधिकार घालवून ते परत मिळवायचा सराव मुलांकडून करून घ्यावा, अशी संगणक शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ज्यानं हे एकदा स्वतःच्या हातानं केलं, तो पुढे घाबरून काही पुसणार नाही.

आणि वाचकांना एवढंच सांगणं: आज आपल्या शाळेत, सोसायटीत, दुकानात मुख्य संगणकाचा दुसरा अ‍ॅडमिन कोण आहे ते विचारा. नसेल तर या आठवड्यात नेमा. आणि अधिकार गेला म्हणून कुणी फॉरमॅट मारायला निघालं, तर त्याला आधी एकच प्रश्न करा: माहिती बाहेर काढून तपासली का? त्याचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत यंत्राला हात लावू देऊ नका.